घोडेस्वारानं काय पुसलं?

त्या दिवशी बाबा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पसरून बसले होते आणि मी ताटापुरती जागा मागत होते.

"थांब गं. नव्याचे नऊ दिवस, आधी बघू दे."

ते पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. रोजचे अहवाल काढताना कोणतं काम कशामागून चालायचं, हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरची मोठी नवी आवृत्ती आली होती. बाबांचा सगळा कोड तिच्यावर हलवायचा होता.

"घोडेस्वाराला घाई आहे," ते म्हणाले. सहकाऱ्याचं हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तो कायम घोड्यावर बसून यायचा.

"मग त्यालाच करू दे."

"तो? आधी उडी मारेल, मग विहीर शोधेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

काम घोडेस्वारानं पुरं केलं. पुढे एकदा त्याचा फोन आला. "ताई, सर्व्हर बंद पडला होता. आता चालू आहे, पण फक्त आजचा अहवाल निघाला. मधल्या दिवसांचे नाहीतच. साहेब म्हणतात, सरांचाच कोड कच्चा."

मीही हेच काम करते. बाबांच्या कोडची जुनी प्रत घेऊन प्रयोगशाळेत गेले. यानंच काहीतरी पुसलंय आणि आता बाबांवर ढकलतोय, याची मला खात्री होती. त्यानं पुढे केलेला चहा मी तसाच निवू दिला. ओळीशी ओळ लावत गेले. त्या सकाळनंतर, डॉक्टरांनी बाबांना दिलेल्या गोळ्यांची पाकिटंही मी अशीच उलटीपालटी करून पाहिली होती.

पुसलेलं काहीच नव्हतं. मग नव्या आवृत्तीची माहिती वाचायला घेतली. जुनी आवृत्ती बंद पडून उठली की राहिलेल्या दिवसांची कामं आपणहून उरकायची. नवी सांगितल्याशिवाय मागे वळून बघत नाही. बाबांना ते कधी लिहावंच लागलं नव्हतं. मी ती एक ओळ घातली. अडकलेले अहवाल येऊ लागले.

"साहेबांना मी सांगतो, सरांची चूक नव्हती," तो म्हणाला. मग हळूच, "तुम्ही मला चोर समजत होतात ना?"

"हो."

"का हो, ताई?"

इतके दिवस कोणी बाबांबद्दल विचारलं, की मी 'ते नाहीत' एवढंच म्हणत आले होते.

"कारण कोणीतरी काहीतरी केलेलं असायला हवं होतं," मी म्हणाले. "तुम्ही नाही केलं. डॉक्टरांनीही नाही. कोणीच काही केलं नाही. माझे बाबा मेले."