कोंडवाड्यावरचा दुपट्टा

अवं सपना, तू इचारत होती ना, माही माय तोलाले गोटा काहून वापरते, लोखंडी वजन काहून नाई घेत. तेच सांगून राह्यली मी. मधात बोलू नोको फक्त, नाई त मी कुठी होती ते इसरून जाते.

आमच्या गावात नगरपरिषदेचा कोंडवाडा होता. पयले मोकाट ढोरं तिथी कोंडत, मंग ते बंद झालं, भिंती पडल्या, अन् आमी माळ्याईनं तिथी भाजी मांडाले सुरू केलं. माही आजी बसे, मंग माय. लिंबाखालची जागा गोजराबाईची, म्हंजे मायची, हे अख्ख्या गावाले माहीत. मी इथी वाशीमले तुमच्यासंग कॉलेजात बसून राह्यली ना, ते त्या लिंबाखालच्या सांबाराच्या जुड्या अन् वांग्यावर.

तिथी रोज सकाळी हर्रास होये. वावरातून माल ये, ढीग लागत, घेणारे बोली बोलत. अन् तिथला एक कायदा होता, कुठी लिवलेला नाई. बोली बोलून ज्यानं आपल्या खांद्यावरचा दुपट्टा ढिगावर टाकला, त्याच्यावर मंग कोणी बोलाचं नाई. भाव कमी वाटला त मालवाला दुपट्टा वापस फेके, पण दुसऱ्या कोणी बोललं त समज त्यानं भर बजारात त्याच्या तोंडावर थुकलं.

मांगच्या उन्हाळ्यात नगरपरिषदेनं बोर्ड लावला. कोंडवाड्याची जागा आता कामाची नाई, फालतू पडून हाय, जाहीर लिलावात काढून राह्यलो, दुकानाईचं कॉम्प्लेक्स होईन. माय तिथीच बसून होती. बोर्डवाल्याले म्हणे, "फालतू पडून हाय, मंग मी कोण हाय रे बापा? ढोर?"

तो म्हणे, "बाई, मी फक्त खिळे ठोकतो."

गुलाबमामा, मायचा मोठा भाऊ, त्यानं सगळ्या माळ्याईले जमवलं. कोणी गयातली पोत मोडली, कोणी गोऱ्हा इकला, अन् मामाच्या नावानं लिलावात उतरले. समोरून अमरसिंग, कॉम्प्लेक्सवाल्या बिल्डरचा माणूस. अन् हा अमरसिंग पयले आमच्याच हर्राशीत वांगे घे, मामाच्या मांडीले मांडी लावून बसे. त्याले कायदा माहीत होता, हे ध्यानात ठेव.

लिलाव जागेवरच. मांडव, टेबल, साहेब, दोन पोलीस. अमरसिंगसंग त्याचे पोट्टे, हातात काठ्या. काठ्या कायले म्हणून इचारलं त म्हणे, जागा मोजाले. माय लिंबाखाली तराजू मांडून बसली होती, रोजच्यासारखी. उठलीच नाई.

बोली चढत गेली. मामाजवळ जेवढे होते तेवढे सगळे तो बोलला, अन् थेट चालत जाऊन हद्दीच्या गोट्यावर दुपट्टा टाकला. पांढराफेक, मामीनं सकाळीच धुतलेला. अन् आमचे माळी, अवं सगळेच्या सगळे, खाली बसले. झालं म्हणे, जागा आपली. चतुराबाईनं त गूळ काढला वाटाले. कोणाच्या मनातच नाई आलं का याच्यावरबी कोणी बोलन. मीबी बसली. गुळाचा खडा तोंडात टाकून.

साहेब म्हणे, "याच्यावर कोणी?"

अमरसिंग बोलला. जरासंच जास्त.

मामा पयले हासला. त्याले वाटलं मस्करी. "अमरसिंग, दुपट्टा पडला ना बे."

"पाह्यला ना. हा मेथीचा ढीग नोय, गुलाबराव."

साहेबानं पुकारा केला अन् टेबलावर हात मारला. संपलं. मंग अमरसिंग गोट्यापाशी गेला, दुपट्टा उचलला, आपले बूट पुसले त्यानं, आरामात, एक अन् मंग दुसरा, अन् मामाच्या तोंडावर फेकला.

मामानं त्याचं नरडं धरलं. पोट्टे तुटून पडले. पयली काठी मामाच्या कोपरावर बसली, वाळली तुराटी मोडल्यासारखा आवाज आला अन् हात भलतीकळंच लोंबाले लागला. मंग पाठीत, मंग डोक्शात. चतुराबाई आडवी गेली त तिच्या तोंडावर लाथ, गूळ अन् दात संगच बाहीर पडले. पोलीस साहेबाले जीपीत बसवून राह्यले होते. मी एकाच्या मनगटाले चावली, तोंडात रगताची चव आली तरी सोडलं नाई, त्यानं माह्ये केस धरून मले टोपल्याईत फेकलं. तिथून मले दिसलं, अमरसिंगनं मामाच्या छातीवर पाय देल्ला अन् काठी दोन्ही हातानं वर उचलली.

मायनं तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं. पयाली नाई ती, चालत गेली. मांगून गेली, अन् कानाच्या वर देल्लं. डांगर फुटल्यासारखं. तो पडता पडता तिनं अजून एक देल्लं, ते खांद्यावर बसलं.

पोट्टे पयाले. अन् मंग आमचे उठले. कोणाजवळ विळा, कोणी मांडवाचा बांबू उपटला. अमरसिंग पालथा पडलेला, डोक्शातून भळभळ रगत, अन् हे त्याले हानून राह्यले, नुसते हानून राह्यले. मी पाह्यलं, तो मरून राह्यला होता. अन् माय तिथीच उभी, वजन हातात, वजनाले त्याचे केस चिपकलेले. मले एकच समजत होतं. हा मेला त माय गेली. पयला घाव तिचा, अख्ख्या गावादेखत. मी वरडली, थांबा म्हटलं, मामाच्या पोराच्या पायाले लटकली, त्यानं मलेई झटकलं.

तेवढ्यात मामा सरपटत आला. एक हात लोंबून राह्यला, दुसऱ्या हातात तो दुपट्टा. त्यानं तो अमरसिंगच्या पाठीवर टाकला.

"दुपट्टा पडला," म्हणे. धड आवाजबी निघत नोता. "आता कोणी हात लावाचा नाई."

अन् सपना, थांबले ते. विळा वर होता, तो वरच राह्यला.

अमरसिंग वाचला. एका डोळ्यानं दिसत नाई त्याले, बोलणं तिरपं झालं. माय काही दिवस आत होती, मंग जमानत झाली. केस चालू हाय, माय इथी कोर्टात तारखेले येते तेवाच तुमाले सांबार आणून देते. दुपट्टा अन् वजन पोलिसाईनं जप्त केलं, तवापासून माय गोट्यानंच तोलते. कोंडवाड्याले टिना लागल्या, लिंब तोडला, गड्डे खणले. हर्रास आता रोडच्या कडेले होते, ट्रकची धूळ खात.

मांगच्या आयतवारी मी गेली होती. मामाचा हात सरळ होतच नाई आता. त्यानं नवा दुपट्टा वांग्याच्या ढिगावर टाकला. रिसोडचा एक नवा पोट्टा होता घेणारा, त्याले काय माहीत. तो वर बोलला.

माय उन्हात बसून पलीकळं तोलून राह्यली होती, तिनं नुसती मान वर केली. गोटा हातात होता.

कोणीतरी त्या पोट्ट्याच्या कानात अमरसिंगचं सांगतलं. त्याचं तोंड उतरलं. "नाई नाई काका, माही बोली वापस. तुमचेच वांगे."

मामानं मायच्या हातातल्या गोट्याकळं पाह्यलं. मंग वाकला, दुपट्टा उचलून झटकला अन् खांद्यावर टाकला.

"घे बाबू, तूच घे," म्हणे. "असे वांगे मले नाई पायजे."