वाघिणीचा बाप

गिऱ्हाइकाने कुलूप दाखवायच्या आधी मोबाइलच पुढे केला. "ही तुमचीच ना हो?"

कुलूपवाल्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. तो व्हिडिओ त्याला पाठ झाला होता. तलवारबाजीचा जाळीदार मास्क तोंडावरून वर सारून चिंगी अशी काही डरकाळी फोडते की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. लाखो लोकांनी ते पाहिलं आणि त्याच्या लेकीचं नाव 'वाघीण' पडलं. जो तो कौतुक करत होता. बापाला मात्र आतून काहीतरी डाचत होतं.

त्याला कारणही तसंच होतं. चिंगी खेळायची त्या सेबर प्रकारच्या तलवारबाजीत वार बसला की मारणारीचा दिवा लागतो, पण कधीकधी दोघींचेही दिवे एकदम लागतात. मग आधी हल्ला कुणाचा, हे पंच ठरवतात, आणि गुण आपलाच म्हणून दोघीही गळा फाडून ओरडतात. त्या व्हिडिओच्या दिवशी बाप पहिल्याच रांगेत बसला होता, मांडीवर तलवारींची लांबलचक पिशवी घेऊन. चिंगी लहान असल्यापासून ती पिशवी कायम त्याच्याच खांद्यावर. त्याने डोळ्यांनी पाहिलं, आधी झेपावली ती समोरची मुलगी. पण चिंगीची डरकाळी मोठी, आणि पंचांनी गुण हिला दिला. घरी आल्यावर त्याने विचारलं, तर "पंचांनी दिला ना, बाबा," म्हणून ताटाकडे बघत बसली.

तेव्हापासून त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. पोरगी आरशापुढे उभी राहिली, की ही ओरडायचा सराव तर करत नाही ना, असं त्याला वाटायचं. फोनवर हसली तरी तो कान टवकारायचा. लावलेलं कुलूप पुन्हा ओढून बघायची धंद्यातली खोड, ती आता पोटच्या पोरीवर चालायला लागली.

मग निवडीचा सामना आला. जिंकेल तिला संघात जागा. हॉलभर मोबाइल उंचावलेले. शेवटच्या गुणाला दोन्ही दिवे लागले. समोरची ओरडली, चिंगी गप्प. तरीही पंचांनी हात हिच्याच बाजूने केला. टाळ्या सुरू झाल्या, तशी ती मास्क काढून पुढे गेली.

"सर, हल्ला तिचा होता."

पंचांनी तिला पुन्हा विचारलं, आणि निकाल फिरवला. जागा गेली.

बाप-लेक बाहेर येईपर्यंत तोही व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागला होता. काय हा प्रामाणिकपणा, म्हणून लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. बापाचा ऊर भरून आला होता. पोरीला जवळ घ्यावं, मनसोक्त रडू द्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण मेली खोड आडवी आली.

"चिंगे, कॅमेरे नसते तरी सांगितलं असतंस?"

चिंगी जागीच थांबली. रागावली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. मग तिने हळूच त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"जड आहे गं," तो म्हणाला.

"असू दे, बाबा."

पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून ती पुढे चालायला लागली. बाप मागून निघाला, रिकाम्या हातांनी. त्याचा खांदा मात्र सवयीने एका बाजूला झुकलेलाच होता.