बदनाम झालेला डोळा

बाळंतिणीला वन्संचा संशय पहिल्यापासूनच. मदतीला म्हणून आलेली ही मोठी नणंद बाळाला उचलायची एकही संधी सोडीना. त्यांना स्वतःचं मूल नाही, आता माझ्या बाळावर डोळा, असं बाळंतिणीच्या मनानं घेतलं. त्यात वन्संनी दुधाची बाटली आणून उकळून ठेवली, "लागलीच तर असावी" म्हणून. झालं, शंकेची पाल चुकचुकली! कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. ती स्वतःहून बाळ कधी त्यांच्या हातात देत नसे.

मग त्या कोवळ्या जिवाला ताप भरला. उजवा गाल सुजला, पापणी टम्म फुगून डोळा मिटला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, पण सूज वाढतच गेली. बाळंतिणीनं नवऱ्यासमोर सांगून टाकलं, "यांच्या हातून पडलंय बाळ. कबूल करत नाहीत, एवढंच."

"अगं, पडलं असतं तर लपवलं असतं का मी?" वन्सं म्हणाल्या.

नवरा बहिणीकडे न बघता बोलला, "ताई, हे निस्तरलं की तू आपली घरी जा."  तरीही वन्सं दवाखान्यात पाठोपाठ आल्या.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई तर संशयात सगळ्यांच्या वरताण. दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचा विश्वास नसे, आईबापांच्या सांगण्यावर त्याहून नसे. त्यांनी सुजलेल्या पापण्या अलगद उघडल्या. आत बुब्बुळ स्वच्छ होतं, नीट फिरत होतं.

"डोळा बिचारा उगाच बदनाम झालाय," त्या पुटपुटल्या. "आणि या नाकपुडीतला पू कोणी पाहिलाच नाही?"

हातमोजा घालून त्यांनी करंगळी बाळाच्या तोंडात घातली आणि टाळू चाचपली. उजवीकडे मऊ फुगवटा लागला. तो जरासा दाबला, तशी बाळानं किंकाळी फोडली आणि त्याच नाकपुडीतून पिवळा थेंब उतरला.

"वरच्या जबड्याच्या हाडात पू झालाय. इतक्या लहान बाळांत सूज डोळ्याखाली येते, म्हणून सगळे डोळ्याच्या मागे लागतात. एक्स-रेत इतक्या लवकर काही दिसायचंही नाही. आत्ताच शिरेतून औषध सुरू करायचं. उशीर झाला तर डोळ्याला धोका, जिवालाही."

"पडल्यामुळेच ना?" बाळंतिणीनं विचारलं.

"पडल्याची एक खूण नाही. जंतू कुठून तरी आत शिरलेत. तोंडात कोणी बोट घातलं होतं?"

वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. "मी जीभ पुसली होती. एकदाच, ओल्या फडक्यानं."

नवऱ्यानं गर्रकन वळून पाहिलं. बाळंतिणीला वाटलं, सापडल्या एकदाच्या! पण डॉक्टरीणबाई आता तिच्याकडेच बघत होत्या.

"अंगावर पाजता ना? कुठे दुखतंय, चीर, गाठ?"

"छे. काही नाही."

"मघापासून बघतेय, तुमचा डावा हात छातीपासून लांब आहे. बाळ सारखं उजवीकडेच."

"सवय आहे."

"हे बघा, जंतू कुठले ते कळलं तर औषध अचूक देता येईल. नाहीतर अंधारात दगड मारायचे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. डावीकडचं गळू तिनं मुद्दाम लपवलं होतं. सांगितलं असतं तर ती उकळलेली बाटली बाहेर निघाली असती आणि बाळ वन्संच्या मांडीवर गेलं असतं. म्हणून ती दात आवळून पाजत राहिली, दुखऱ्या बाजूनंसुद्धा. आताही गप्प बसता आलं असतं. वन्सं दोष घेऊन निघून गेल्या असत्या आणि कुणाला पत्ता लागला नसता. तिनं बाळाच्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं.

"डावीकडे गळू झालंय," ती म्हणाली. "पू येतोय. तरी मी पाजलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "तिथला पूही तपासायला पाठवू. औषध तुम्हालाही लागेल. पडद्यामागे चला."

वन्सं तिच्याकडे बघतच राहिल्या. "एवढं दुखत होतं, आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

 शरमेनं बाळंतिणीचं तोंड वर होईना. नवऱ्यानं बाळ घ्यायला हात पुढे केले, पण ती वन्संकडे वळली. "वन्सं, धरता याला?"

वन्सं एकदम उठल्या, पण बाळाकडे आल्या नाहीत. बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुऊ लागल्या. धुतलेले हात पुन्हा धुतले. बाळंतीण तोवर बाळ पुढे करून उभी राहिली.