कोणी हात लावला नाही

मैथिलीच्या लॅपटॉपची चार्जिंगची पिन दिवाळीनंतर ढिली झाली. वायर जरा तिरपी धरून खाली पुस्तक सरकवलं की दिवा लागायचा, टेबलाला धक्का लागला की विझायचा. राजापेठेतल्या एका क्लासमध्ये ती दहावीच्या मुलांना गणित शिकवायची, आणि संध्याकाळचा एक वर्ग घरूनच ऑनलाइन घ्यायची. वर्ग ऐन रंगात असताना स्क्रीन काळी व्हायला लागली, तेव्हा तिनं कंपनीला फोन केला. वॉरंटी अजून शिल्लक होती. अमरावतीचं सर्व्हिस सेंटर बंद झालं होतं, म्हणून शनिवारी अकोल्याला घेऊन या, असं तिकडून सांगण्यात आलं.

तिचे बाबा मोरोपंत बाहेरच्या खोलीत बसून हे सगळं ऐकत होते.

"अकोल्याला काहून नेऊन राहिली?" फोन ठेवल्यावर ते म्हणाले. "आतलं सोल्डर सुटलं असेल. चहा होईपर्यंतचं काम आहे."

"वॉरंटीत आहे बाबा. ते फुकट करून देतात. आपण उघडला तर वॉरंटी जाते."

"म्हणजे वस्तू आपली, पण आपण हात लावायचा नाही."

"असंच असतं आता."

"असेल," ते म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

मोरोपंत आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडचे शिक्षक होते. घराणं भिक्षुकीचं. वडिलांनी पूजा सांगितल्या, आजोबांनी सांगितल्या, आणि मोरोपंतांनी मात्र सोळाव्या वर्षी घरातला रेडिओ खोलला तो कायमचाच. निवृत्त झाल्यावर बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक टेबल मांडलं. गल्लीतले मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर, पुढे मोबाइलचे चार्जर, सगळं त्या टेबलावरून बरं होऊन जायचं. पैसे ते घेत नसत. मैथिलीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच बाबा संध्याकाळी डोळ्याला भिंग लावून बसत असतील.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र ते लोकांना परत पाठवायला लागले होते. पलीकडच्या माणिकबाई पंखा घेऊन आल्या, तर त्यांनी तो उघडूनही पाहिला नाही. "याचा पार्ट मिळत नाही आता," म्हणाले. माणिकबाई जाता जाता मैथिलीजवळ बोलल्या, "सर लई चिडचिडे झाले बाई. पयले असे नव्हते." मैथिलीलाही तसंच वाटलं. वय झालं, कंटाळले असतील.

उजव्या हाताचं तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पेपर वाचताना तो हात पेपराखाली असायचा. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. शर्टाची वरची बटणं आई लावून द्यायची, तेही स्वयंपाकघरात, कुणाच्या नजरेस पडणार नाही असं. मैथिलीनं एकदा विचारलं होतं. "थंडीनं होतं," असं उत्तर मिळालं. तेव्हा थंडी पडलेली नव्हती, पण तिनं पुढे काही विचारलं नाही.

गुरुवारी ती क्लासवरून घरी आली, तेव्हा बाहेरच्या खोलीत राळेचा वास होता. सोल्डर करताना येतो तो, लहानपणापासून ओळखीचा. खिडक्या उघड्या होत्या आणि पंखा पूर्ण वेगानं फिरत होता, डिसेंबर असूनही. मोरोपंत आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोपलेले नव्हते.

लॅपटॉप तिच्या पलंगावर बॅगेत होता. बॅगेची चेन नीट शेवटपर्यंत लावलेली होती. तिनं लॅपटॉप काढला, वायर लावली, पुस्तक सरकवलं. दिवा लागला नाही. वायर सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. मग उलटा करून पाहिला. मागच्या एका स्क्रूचं तोंड घासून गुळगुळीत झालं होतं आणि कोपऱ्यातला एक स्क्रू जागेवर नव्हताच.

ती स्वयंपाकघरात गेली. आई पोळ्या लाटत होती.

"आई, बाबांनी..."

"आज त्यांना काही विचारू नको," आई म्हणाली. लाटणं थांबलं नाही. "दुपारी जेवलेसुद्धा नाहीत."

संध्याकाळचा वर्ग तिनं मोबाइलवरून घेतला. रात्री जेवताना मोरोपंत आपण होऊन म्हणाले, "शनिवारी मीही येतो अकोल्याला. कंपनीच्या लोकांशी बोलावं लागतं. तुला गुंडाळतील."

"या," मैथिली म्हणाली.

अकोल्याचं सेंटर एका मोठ्या रस्त्यावर, मोबाइलच्या दुकानांच्या रांगेत पहिल्या मजल्यावर होतं. काउंटरवर करिश्मा नावाची मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊ. तिनं लॅपटॉप घेतला, तक्रार विचारली, आत पाठवला आणि दोघांना बसायला सांगितलं. मोरोपंत खुर्चीच्या कडेवर बसले. उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. खिसा आतून हलत होता.

बऱ्याच वेळानं करिश्मानं बोलावलं. तिच्या हातात टॅब होता.

"काका, हा लॅपटॉप घरी खोलला होता काय?"

"नाही," मोरोपंत म्हणाले.

"बाहेर कुठं दाखवला होता?"

"कुठे दाखवला नाही. कोणी हात लावला नाही."

करिश्मानं टॅब त्यांच्याकडे फिरवला. आतला फोटो होता. पिनेजवळची पातळ पट्टी मधोमध फाटली होती आणि बोर्डावर एका जागी काळा डाग होता. डागाशेजारी सोल्डरचा ओबडधोबड थेंब थिजलेला.

"हे पाहा. हे कोणीतरी गरम केलेलं आहे."

"कंपनीतूनच तसं आलं असेल."

"कंपनीतून असं येत नाही काका."

"मी सांगून राहिलो ना," मोरोपंतांचा आवाज चढला. वर्गातला आवाज होता तो. "तीस वर्षं शिकवलं मी हे. कोणी हात लावला नाही म्हटलं ना."

शेजारच्या काउंटरवरचे लोक बघायला लागले. मैथिली टॅबवरच्या त्या थेंबाकडे पाहत होती. बाबांचं सोल्डर कसं असतं ते तिला माहीत होतं, चकचकीत, मोहरीएवढं. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एखाद्या मुलाकडून पार्ट जळला, तर त्यानं येऊन 'सर, माझ्याकडून जळलं' एवढं म्हणायचं, की त्याला दुसरा मिळायचा. लपवणाऱ्याला मात्र आठवडाभर वर्कशॉपच्या दाराबाहेर उभं राहावं लागायचं. हे तिला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेलं होतं. आणि आता ते इथे परक्या गावात, नातीच्या वयाच्या मुलीसमोर, मान ताठ करून खोटं बोलत होते. काउंटरच्या काचेवर टेकलेला त्यांचा हात टकटक वाजत होता आणि ते त्यांना कळतही नव्हतं.

"मी उघडला होता," मैथिली म्हणाली.

मोरोपंतांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"व्हिडिओ पाहून. मला वाटलं जमेल. यांना मी सांगितलं नव्हतं."

करिश्मानं तिच्याकडे पाहिलं, मग काचेवरच्या हाताकडे, आणि पटकन नजर टॅबवर नेली.

"असं नका करत जाऊ मॅडम," ती हळू म्हणाली. "वॉरंटीत असताना तुमी काहून खोलता? नुसती पिनच तर होती. आमी पाच मिनटात बदलून देली असती. आता बोर्डच बदला लागन, आणि वॉरंटीत तो नाई बसणार."

"ठीक आहे. परत द्या."

सही करायला मोरोपंत पुढे झाले नाहीत. मैथिलीनं केली. जिना उतरताना त्यांनी कठडा डाव्या हातानं धरला होता. ती एक पायरी मागे राहिली.

परतीच्या बसमध्ये मोरोपंत खिडकीशी बसले. बाहेर तुरीची शेतं आणि मध्येच वेचणीला उरलेला कापूस. मूर्तिजापूरला बस थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, तशी ही दोघंही उतरली. स्टँडबाहेरच्या टपरीवर मैथिलीनं दोन चहा सांगितले. कागदी कप होते. मोरोपंतांनी कप घेतला आणि लगेच बाकावर ठेवून दिला. थोडा चहा बोटांवर सांडला होता.

"तू काहून खोटं बोलली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बोलत होता म्हणून."

त्यांनी बोटांवरचा चहा स्वेटरला पुसला. समोर एक बाई पोराला बोरं धुऊन देत होती.

"मला तो शनिवारच्या आत करून ठेवायचा होता," ते म्हणाले. "तू आलीस की म्हणणार होतो, बघ, चालू झाला, जाऊ नको अकोल्याला. स्क्रूच निघेनात. पेचकस घसरत होता. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तेव्हा कुठे निघाले. मग सोल्डरिंगचं आयर्न तापवलं. जागा समोर दिसत होती, मैथिली. कुठे टेकवायचं, किती वेळ टेकवायचं, सगळं ठाऊक होतं. आणि हातच उडाला. पुन्हा टेकवलं, पुन्हा उडाला. ती पट्टी फाटली तेव्हा मी नुसता बघत बसलो."

"कधीपासून होतंय हे?"

"उन्हाळ्यापासून. आधी फक्त करंगळी. माणिकबाईच्या पंख्याला काही झालेलं नव्हतं, कपॅसिटर बदलला असता की फिरला असता. बाजारात पोत्यानं मिळतात. पण तिच्यासमोर स्क्रू हातातून पडला असता तर?"

"आम्हाला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं की खरं झालं असतं."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मैथिलीनं बाकावरचा कप उचलला आणि त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी मान फिरवली. मग, कुणी बघत नाही असं पाहून, दोन घोट घेतले.

मंगळवारी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, आणि कागदावर स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा लिहायला सांगितलं. प्रत्येक ओळीत अक्षरं बारीक होत गेली. शेवटच्या ओळीत नुसत्या मुंग्या राहिल्या. कंपवात आहे, डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी थरथर कमी होईल, चालणं सुधारेल, पण पूर्वीसारखं होणार नाही. मोरोपंतांनी एकच विचारलं.

"बारीक काम?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते धरून चालू नका," ते म्हणाले.

मैथिलीनं क्लासच्या मालकांकडून जुना लॅपटॉप वापरायला मागून घेतला. तिचा तसाच टेबलावर पडून होता. एका रविवारी ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, बोर्ड तर गेलाच आहे. आता यावरच शिकवा मला. तुम्ही सांगा, मी करते. बिघडला तर बिघडला."

मोरोपंतांनी लॅपटॉपकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आयर्नची वायर स्वतः लावून दिली. तिनं टोक बोर्डाला टेकवलं. ते काहीतरी सांगायला गेले, "असं नाही, जरा..." आणि त्यांचा हात आपसूक तिच्या हाताकडे निघाला. अर्ध्यावर येऊन तो हवेतच थरथरत राहिला. त्यांनी तो मागे घेतला.

"आयर्न बंद कर," ते म्हणाले.

"चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही. हे हाताला धरून शिकवायचं असतं. मुलाच्या हातावर हात ठेवायचा, मग त्याला कळतं किती जोर द्यायचा. तोंडानं सांगून नाही येत." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मला बघवत नाही, बाई. राग मानू नको."

तिनं प्लग काढला. आयर्न निवेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.

संक्रांतीच्या आधी ती एकदा लवकर घरी आली, तर खिडकीशी टेबल नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट चौकोन होते. सकाळी आयटीआयची दोन माणसं टेम्पो घेऊन आली होती, आईनं सांगितलं, मीटर, आयर्न, भिंग, स्क्रूंच्या डब्या सगळं घेऊन गेली. बाबांनीच फोन करून त्यांना बोलावलं होतं. स्वतः दारात उभं राहून एकेक वस्तू दाखवून दिली, आणि टेम्पो वळल्यावर देवघरात जाऊन बसले. कधी नव्हे ते तासभर.

आता ते मागच्या ओट्यावर होते. आईच्या वरूडच्या भावानं तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी पाठवली होती, आई ती परातीत ओतून सोलायला बसली होती आणि तेही समोर पाट घेऊन बसले होते. शेंग दोन्ही हातांत धरून अंगठ्यानं उकलायची, दाणे परातीत. निम्मे परातीत पडत होते, निम्मे ओट्यावर उडत होते. आई त्यांच्याकडे न बघता सांडलेले दाणे उचलून परातीत टाकत होती आणि संक्रांतीला कोणाकोणाला बोलवायचं ते बोलत होती.

मैथिली चपला काढून त्यांच्या शेजारी बसली. तिनंही मूठभर शेंगा घेतल्या.

"टेबल देऊन टाकलं," मोरोपंत म्हणाले.

"बघितलं मी."

"खोली मोठी वाटते आता."

"हो."

त्यांनी एक शेंग उचलली. ती उकलेना. त्यांनी दोनदा जोर लावून पाहिला, मग ती तिच्यासमोर धरली. तिनं ती घेतली, उकलली, आणि दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. ते परातीत टाकता टाकता सांडले. ते उचलायला तिघंही एकदमच वाकले.