मॅलकीच्या कोटावरची पिन

मी मॅलकीच्या कोटावरची पिन बोलतेय. आहे नखाएवढी, पण हातचं राखून बोलायची सवय मला नाही.

आमच्या आयर्लंडात दारू सोडल्याची शपथ घेतली, की माणूस मला छातीवर लावतो. मॅलकीला मी त्याच्या बायकोनं, डेलियानं लावली. म्हणाली, "एक थेंब जरी घेतलास, तर तोंड दाखवू नकोस!"

"बरं बाई," मॅलकी म्हणाला. अकरा वर्षं पाळलं त्यानं.

मग त्याची आई गेली. महिन्याभरानं एका संध्याकाळी त्यानं मला काढून खिशात घातलं आणि गुत्त्यात शिरला. कुणी बघू नये म्हणून मागच्या बोळातून निघाला. त्याच संध्याकाळी त्या बोळात एकाचा खून झाला. मॅलकीनं नाही केला. मी खिशातच होते की!

पोलिसांनी विचारलं, "कुठे होतास?" डेलिया शेजारी उभी. हा म्हणाला, "नदीवर, मासे धरत होतो." गुत्तेवाल्यानं खरं ते सांगितलं आणि हा अडकला.

खटल्यात निवाडा बारा साध्या माणसांच्या ज्यूरीनं करायचा, न्यायाधीशांनी त्यांना कायदा समजावायचा. न्यायाधीश म्हणाले, "आरोपी खोटं बोलला, हे ध्यानात ठेवा." बस्स! माणूस लाजेनंही खोटं बोलतो, नुसत्या खोट्यावरून तो खुनी ठरत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. जन्मठेप झाली.

कोट घरी आला. डेलियानं मला स्वतःच्या कोटावर लावलं आणि तुरुंगात त्याला भेटायला गेली.

"माझ्या धाकानं खोटं बोललास, गाढवा?"

"धाक कसला गं. तुझं उतरलेलं तोंड बघवलं नसतं मला."

चार वर्षं परतीच्या बसमध्ये ती मला बोटानं चाचपत राहिली. तिला तो हवा होता. मलाही. त्याच्या छातीची धडधड मला अजून पाठ आहे.

शेवटी डब्लिनला अपिलात तीन न्यायाधीश म्हणाले, "नुसत्या खोट्यावरून कुणी खुनी ठरत नाही, ही समज ज्यूरीला द्यायलाच हवी होती. निकाल रद्द. खटला पुन्हा चालवा."

"सुटला गं वहिनी!" नणंद रडायला लागली.

"सुटला कुठला? निकाल रद्द झालाय, निर्दोष नाही ठरला," डेलिया म्हणाली, आणि तीही रडली.

मॅलकी जामिनावर घरी आला. डेलियानं मला काढून त्याच्यापुढे धरलं.

"आत्ता नको," तो म्हणाला. "आधी त्या नव्या बारा जणांसमोर सांगतो, प्यायलो होतो म्हणून. मग तूच लाव."

तेव्हापासून मी खिडकीत पडून आहे. तो माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून चहा पितो, आणि मी त्याच्या कोटाकडे बघत राहते. नव्या बारा जणांनो, तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. माझा माणूस खोटं बोलला, हो. पण का बोलला, तेवढं विचारा. मला घरी जायचंय, त्याच्या छातीवर.