एका नंबरवर तेवीस म्हाताऱ्या

माझी सून फटकळ आहे, हे मी स्वतःच गल्लीभर सांगत फिरते. इस्त्रीचं दुकान तिचं, आणि आमच्या गल्लीत धड चालणारा फोनही तिचाच. म्हणून निराधार पेन्शनचे अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा सगळ्या म्हाताऱ्यांनी तिचाच नंबर दिला. कुणाचाही ओटीपी आला की गरम इस्त्री उभी ठेवून ही कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात धावायची.

मागच्या आठवड्यात मेसेज आला: एका मोबाइलवर जास्त लाभार्थी, चौकशीला तहसील कचेरीत हजर राहा. तेवीसही जणींची पेन्शन अडकली. माझी दम्याची औषधं त्याच पैशांवर, म्हणून मीही तिच्या मागोमाग निघाले.

कचेरीतल्या साहेबांनी स्क्रीनवरून मानही वर केली नाही. "दलाली करता का?"

"इस्त्री करते."

मला हसू आलं, साहेबांना नाही. "हे बघा, सासूबाईंचं नाव ठेवतो. बाकीच्यांनी आपापले नंबर आणावेत."

मी हिला कोपराने ढोसलं. हो म्हण की, बाई!

"त्यांच्याकडे फोन असते तर माझा नंबर कशाला दिला असता? त्यांची नावं काढणार असाल तर यांचंही काढा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी चल, दाखवते तुला, म्हटलं मनात.

साहेबही हट्टाला पेटले. एकेक नाव वाचून ओळख विचारू लागले. ही घडाघडा सांगत गेली. कोण नळाजवळ राहते, कुणाला कमी दिसतं, कुणाचा मुलगा ढुंकून बघत नाही. सोळाव्या नावाला म्हणाली, "या वारल्या, महिना झाला. नाव काढा म्हणून दोनदा अर्ज दिलाय मी." पिशवीतून शिक्का मारलेल्या दोन्ही पोचपावत्या काढून तिने समोर ठेवल्या.

आता साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. दलाल कशाला मेलेल्या माणसाची खबर द्यायला येईल? "बसा," ते म्हणाले. "याच नंबरवर पेन्शन सुरू करतो. पण नंबर दुसऱ्याचा असला की नात्याचा रकाना भरावाच लागतो, आणि यादीत शेजारीण नाही."

ही वाकून स्क्रीनवरची यादी वर-खाली शोधू लागली. मग मीच पुढे झाले. "सगळ्यांपुढे सासू लिहा."

"आजी, एका बाईला बावीस सासवा?"

"मला सांभाळलंय तिने, साहेब. बाकीच्या एकवीस तिला काय जड आहेत?"

साहेब हसत टाइप करू लागले. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "सून आहे ही माझी!"