तांब्याच्या घागरीला तोंड न लावणारी देवी

रुखमाबाईंच्या परसात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. प्रताप नगरातल्या निम्म्या बायका वांग्यांच्या वाफ्याभोवती दाटीवाटीनं उभ्या होत्या. मागे उभ्या असलेल्या बायका टाचा उंचावून पुढच्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. वाफ्याच्या मधोमध एक मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरलेलं, काठाला शेंदूर, तोंडावर नारळाची करवंटी. करवंटीवर तळहात ठेवून जलानंद महाराज डोळे मिटून बसले होते.

"बच्चा, मागच्या सोमवारी हे पात्र कोणी भरलं?"

"म्या भरलं, महाराज," रुखमाबाई म्हणाल्या. "काठोकाठ."

"पात्राला छेद?"

"नाई जी. तुमीच उन्हाकडं धरून दाखवलं होतं सगळ्याइले."

"तो फिर देखो!"

महाराजांनी करवंटी उचलली. मडकं रिकामं! तळाशी जेमतेम ओल. बायकांच्या तोंडून एकदम "अगंबाई" निघालं.

"माता प्यासी होती. माता पी गई!" महाराज गरजले. "आणि पिऊन तृप्त झाली की ती काय देते? हरियाली देते!"

हिरवाई तर डोळ्यांसमोरच होती. चौऱ्याहत्तर सालचा तो मे महिना. नळ सकाळी जरा वेळ येई आणि खोकून बंद पडे. लेआउटमधल्या, म्हणजे त्या वसाहतीतल्या, प्रत्येक परसात पालेभाज्या करपल्या होत्या. आणि इथं मडक्याभोवती वांगी टचटचीत, भेंडी कंबरेइतकी, चवळीचा वेल कुंपणावर चढलेला. बरं, रुखमाबाईंनी बादली उचललेली कोणी पाहिली नव्हती. सोमवारी एकदा मडकं भरायचं, हात जोडायचे, आणि आठवडाभर कडुलिंबाखाली बाजेवर बसून सुपारी कातरायची.

हे सगळं कुंपणापलीकडून यमुताई रोज बघत होत्या आणि जळत होत्या. आडपडदा न ठेवता सांगायचं तर त्यांना मत्सराशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. इतकी वर्षं प्रताप नगरात भाजी म्हणजे यमुताईंची, हे ठरलेलं होतं. बायका त्यांच्याकडे वांग्याचं बी मागायला यायच्या आणि त्याही देताना जरा ताटकळत ठेवून द्यायच्या. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ हौदातून बादल्या उपसून त्यांची कंबर कामातून गेली होती. आणि ही नरखेडकडची बाई काय, गेल्या वर्षी येते काय, बाजेवर बसल्या बसल्या पहिला नंबर पटकावते काय! कुंपणावरून ती चार वांगी देऊ लागली की यमुताई हसून घेत, आणि त्या दिवशी घरी मुद्दाम वरण-भात करत.

शेवटी त्यांनी महाराजांना घरी बोलावलं.

महाराज आले. थंड पाण्याचे दोन तांबे प्यायले, आंब्याचा रस हाणला आणि झोळीतून शेंदूर लावलेलं एक मडकं काढलं. "भारलेलं आहे. दक्षिणा मातेच्या इच्छेनं."

यमुताईंनी मडक्याकडे बघून नाक मुरडलं. "मातीचं? रुखमाबाईंकडे आहे तसंच?"

"तसंच, बच्चा."

"मग आमच्याकडे तांब्याचं बसवा." त्यांनी लग्नात आलेली तांब्याची घागर चिंचेनं घासून लखलखीत करून ठेवलीच होती. रुखमाबाईंच्या देवीला माती, तर आपल्या देवीला तांबं. सगळ्या लेआउटनं बघावं!

महाराज घागरीकडे बघून थोडे घुटमळले. मडकी कशी काम करतात हे ते जाणून असणार. पण दक्षिणेच्या ताटात मडक्याची दक्षिणा तर होतीच, वर नवं कोरं धोतरही होतं. त्यांची जीभ लगेच मोकळी झाली. "तांबं म्हणजे राजयोग! सूर्याचा धातू! माता धावत येणार! पण एक लक्षात ठेव. आता बादलीनं पाणी घालशील तर तो मातेचा अपमान."

घागर पुरताना सून नीला दारात उभी होती. नीला बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टी असल्यामुळे घरी होती. ती "आई, घागर तर..." म्हणून काही बोलायला गेली, पण यमुताईंनी तिला बाजूला नेऊन असं काही ऐकवलं की ती गप्प आत गेली.

पुढच्या सोमवारी सकाळी यमुताईंनी सगळ्या बायकांना आवतण देऊन बोलावलं. रुखमाबाईंना अगदी पुढे उभं केलं. महाराजांनी करवंटी उचलली.

घागर काठोकाठ भरलेली! भरताना पडलेली कडुलिंबाची दोन पानंही तशीच तरंगत होती. आणि भोवती यमुताईंची वांगी मान टाकून उभी होती. भेंडीच्या पानांचा तर पापड झाला होता.

कोणी हसलं नाही, पण यमुताईंना सगळ्या हसल्यासारखं वाटलं. रुखमाबाई हळहळल्या, "अवं माय, असं काहून झालं?" ते हळहळणं तर त्यांना सर्वांत जास्त झोंबलं.

महाराजांनी घागरीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "माता आली होती. तोंड न लावता परत गेली. या घरात बाहेरून आलेली कोणी आहे? जिची ओटी रिकामी आहे?"

सगळ्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. नीलाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती.

"तिची सावली पाण्यावर पडते. माता पाणी पिईपर्यंत तिला या घरात ठेवू नका."

ही गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, वांग्यांसाठी कोणी सून घराबाहेर काढतं का? यमुताई मुळात दुष्ट नव्हत्या. नीला तापानं फणफणली होती तेव्हा त्याच उशाशी बसल्या होत्या. पण मत्सर झालेल्या माणसाला कारण हवं असतं. रुखमाबाईंपेक्षा आपण कमी पडलो, याला एक कारण मिळालं आणि त्यांनी ते घट्ट धरलं. मुलगा मुकुंद कामानिमित्त चंद्रपूरला होता. यजमान मनोहरराव पेपराआडून म्हणाले, "तू म्हणशील तसं." ठरलं. नीलानं त्याच दुपारच्या एसटीनं काटोलला माहेरी जायचं.

नीला रडली नाही. बॅग भरून तिनं दाराशी ठेवली आणि म्हणाली, "जाते मी, आई. पण तुमची देवी प्यालीच नाही, तर मी तिकडे किती दिवस राहायचं?"

अडचणीत आल्या की यमुताई रागवायच्या. नीला प्रवासासाठी फिरकीच्या तांब्यात पाणी भरत होती. माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाळूच्या थरावर ठेवलेला. यमुताईंना तिथं रागवायला जागा सापडली.

"वाळू बघ कशी चिंब झाली आहे! जाता जाताही पाणी सांडूनच जा!"

"मी नाही सांडलं. नवा माठ आहे, पाझरतो."

"आणि हे काय उगवलंय?"

त्या वाकल्या. माठाच्या बुडाशी मुगाची इवलीशी रोपं उभी होती, दोन-दोन पानांची, हिरवीगार. मूग निवडताना कधीतरी चार दाणे वाळूत सांडले असतील. त्यांना कोणी पाणी घातलं नव्हतं. शेंदूर नव्हता, मंत्र नव्हता. बाहेर उन्हात बाग मरत होती आणि इथं मूग मजेत वाढत होते.

यमुताई वाकल्या त्या तशाच राहिल्या. हा माठ त्यांनीच बुधवार बाजारातून आणला होता. आणताना नीलाला बरोबर नेऊन माठ कसा पारखायचा ते शिकवलं होतं. टिचकी मारायची, पाणी भरून ठेवायचं, बाहेरून ओल येते का बघायचं. न पाझरणारे दोन माठ त्यांनी "पाणी गार होणार नाही, दुसरा दे" म्हणून परत केले होते. नागपूरची कुठलीही बाई हे डोळे मिटून करते. पण त्याच माठाच्या भावाला शेंदूर फासून जमिनीत पुरलं, तर त्याचं पाणी कुठं गेलं हे एकीलाही सुचलं नाही!

"नीला," त्या वाकलेल्या अवस्थेतच म्हणाल्या, "तांब्याची घागर पाझरते का गं?"

"कशी पाझरेल? भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. बाहेरची जमीन कोरडी असली की ती त्यातून पाणी ओढते. ओली झाली की ओढणं मंदावतं. म्हणून मुळांना हवं तेवढंच मिळत राहतं. तांब्याला कुठली छिद्रं?"

"मग हे आधी का नाही सांगितलंस मला?"

"सांगायलाच आले होते. तुम्ही म्हणालात, ज्या दिवशी तुझी ओटी भरेल त्या दिवशी मला शिकवायला ये."

यमुताई उठल्या. त्यांना नीलाकडे बघवेना. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि दाराशी ठेवलेली बॅग स्वतः उचलून आत नेली.

संध्याकाळी रुखमाबाईंच्या परसात महाराजांसोबत आरतीला बायका जमल्या. यमुताई आल्या त्या कमरेवर तांब्याची घागर घेऊन. मागून नीला, हातात माठ. मनोहररावांचा पेपर जमिनीवर पसरून दोघींनी दोन्ही भांडी बाहेरून पुसून कोरडी केली, त्यावर ठेवली आणि काठोकाठ भरली.

"हे काय, बच्चा?" महाराजांचा आवाज चिरकला.

"काही नाही. आरती होईपर्यंत बघू, देवी कशातलं पिते ते."

"मातेची परीक्षा? सर्वनाश! सर्वनाश होईल!"

"राहू द्या नं, महाराज," रुखमाबाई म्हणाल्या. "मले बी पाह्याचं हाय."

त्या दिवशी महाराजांनी आरती फारच घाईनं म्हटली. तरी पुरेसा वेळ गेला. यमुताईंनी घागर उचलली, खालचा पेपर कोरडा ठणठणीत. नीलानं माठ उचलला, पेपरचा तुकडा भिजून बुडालाच चिकटून आला.

"मडकं भारलेलं असणार!" महाराज ओरडले. "माझीच शक्ती!"

"आमच्या स्वयंपाकघरातला पिण्याचा माठ आहे हा," यमुताई म्हणाल्या. "यातलं पाणी तुम्ही आमच्याकडे दोन तांबे प्यालात. देवी नाही, तुम्ही प्यालात."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं परसच हसू लागलं. महाराज पंचा झटकत उठले, मातेच्या कोपाचं काहीबाही पुटपुटले आणि झोळी घेऊन चालते झाले. झोळीतली मडकी एकमेकांवर वाजत गेली.

रुखमाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं, आमचा बुढा सासरा संत्र्याच्या कलमाजोळ फुटकी-तुटकी मडकी पुरून ठेवे! पाणी घाले अन् निघून जाये. मी डोयानं पाह्यलं. पण त्याइले शेंदूर नव्हता लावला नं, म्हणून मले वळखूच नाई आलं!"

म्हणजे ही युक्तीसुद्धा हिच्याच सासरची! यमुताईंना ते पुन्हा झोंबलं. पण आज त्यांना त्याहून महत्त्वाचं काम होतं. बायका निघायच्या आत त्यांनी नीलाचा हात धरून तिला पुढे आणलं.

"सकाळी तुम्ही सगळ्यांनी माझ्या दारात जे ऐकलं, ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "घागर तांब्याची होती म्हणून पाणी राहिलं. हिच्यामुळे नाही. आणि भोंदू तो होता, पण त्याचं ऐकून हिची बॅग दाराशी ठेवायला लावली ती मी. एवढ्यासाठी की रुखमाबाईंची वांगी माझ्यापेक्षा मोठी होती."

बाजूच्या दोन बायका जमिनीकडे बघत राहिल्या. त्यांच्याही घरी सुना होत्या.

त्या उन्हाळ्यात प्रताप नगरात मडकी पुरली गेली ती साधी, बाजारातली. शेंदूर नाही, रंग नाही, कारण रंगानं छिद्रं बुजतात. तोंड जमिनीच्या जरा वर, डास होऊ नयेत म्हणून त्यावर झाकण, रोपं वीतभर अंतरावर, आणि पाणी उतरलं की भरायचं. इतकं सोपं. यमुताईंच्या बादल्या सुटल्या. नीलाच्या शाळेत पोरांनी दोन मडकी पुरून वर्गात निबंध लिहिले.

रुखमाबाईंची वांगी मात्र त्याही वर्षी मोठीच राहिली. यमुताईंनी बरेच दिवस कुंपणावरून निरखलं, तळमळल्या, आणि शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. सरळ विचारलं.

"रुखमाबाई, तुम्ही वांग्यांना घालता तरी काय?"

"शेणखत वं! पायजे का?"

भाजी पाण्यानं आणि खतानं वाढते. मूल होणं न होणं हे शरीराचं काम आहे, त्याला डॉक्टर आहेत, आणि त्यात एकट्या सुनेचा दोष शोधणाऱ्या माणसाला आधी थांबवावं. ज्याला आपण चमत्कार म्हणतो तो बहुतेक वेळा आपल्याच स्वयंपाकघरात ओलसर कोपऱ्यात बसलेला असतो. तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुमच्या घरातल्या माणसाकडे बोट दाखवून देवीचा निरोप सांगू लागला, तर हात जोडण्याआधी जरा वाका आणि माठाखाली बघा.